माजी सैनिक दवाखान्यात येतो तेव्हा

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आत्महत्या रोखण्यासाठी गेल्या दोन दशकांत जे मोठे कायदे झाले, त्यांतल्या तीन कायद्यांना तीन फौजींची नावं आहेत: जोशुआ ओम्विग, क्ले हंट आणि जॉन स्कॉट हॅनन. ओम्विग आयोवा राज्यातला, लष्कराच्या राखीव दलातला, बावीस वर्षांचा. हंट मरीन दलातला, अठ्ठावीस वर्षांचा. हॅनन नौदलाच्या सील पथकात तेवीस वर्षं काढलेला कमांडर. तिघेही रणांगणावरून जिवंत परतले आणि मायदेशी आल्यावर आत्महत्येने गेले. त्यांच्या नावांचे कायदे अनुक्रमे २००७, २०१५ आणि २०२० साली झाले. घरच्या माणसांनी आपलं दुःख चार भिंतींत न ठेवता थेट संसदेच्या समित्यांपुढे मांडलं, याचा त्यात मोठा वाटा होता.

या कायद्यांची चर्चा निघाली की हेल्पलाइनचा उल्लेख होतो, निधीचा होतो, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा होतो. एक तरतूद मात्र बहुतेक वेळा मागे राहते. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी स्वतंत्र खातं आहे, सगळे त्याला ‘व्हीए’ म्हणतात. देशभर पसरलेली रुग्णालयं आणि दवाखाने हे त्याचं सर्वांत मोठं अंग. ओम्विग कायद्याने या खात्याला बजावलं की प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आत्महत्या-प्रतिबंधाचं काम पाहणारा स्वतंत्र माणूस हवा, आणि माजी सैनिकांशी ज्यांचा संबंध येतो त्या कर्मचाऱ्यांना धोका ओळखायचं शिक्षण मिळायला हवं. त्यात डॉक्टर आले, परिचारिका आल्या, कंत्राटावरची माणसंही आली. पुढे २०१७ साली रुग्णालयांतल्या सगळ्यांसाठी हे प्रशिक्षण सक्तीचं झालं. नोंदणीच्या खिडकीवर बसणारा कारकून, औषधं देणारा फार्मासिस्ट, दातांच्या डॉक्टरची मदतनीस, कुणीच त्यातून सुटलं नाही.

हा आग्रह कशासाठी, हे कळायला क्ले हंटची हकीकत पुरेशी आहे. हंट मूग गिळून बसणारा माणूस नव्हता. इराक आणि अफगाणिस्तान दोन्हीकडे तो लढला, इराकमध्ये जखमी झाला, मित्र डोळ्यांदेखत गेलेले त्याने पाहिले. परतल्यावर तो मदत घ्यायला लाजला नाही. उलट इतर माजी सैनिकांनी मदत मागावी म्हणून चाललेल्या मोहिमेच्या जाहिरातीत स्वतः उभा राहिला. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत मदतकार्याला गेला. उपचारही घेत होता. पण अपंगत्वाच्या दर्जाविषयीचं त्याचं अपील अठरा महिने रखडलं. मार्च २०११ मध्ये तो गेला. अपिलाचा निकाल त्याच्या बाजूने लागला तो त्यानंतर पाच आठवड्यांनी. ही सारी कहाणी त्याच्या आईने पुढे संसदेच्या समितीसमोर सांगितली.

आत्महत्येमागे एकच कारण कधी नसतं आणि अमुक एका माणसाने अमुक केलं असतं तर तो वाचला असता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण एक गोष्ट उघड आहे. असा माणूस मानसोपचारतज्ज्ञासमोर बसतो महिन्यातून अर्धा-पाऊण तास. उरलेल्या वेळात तो भेटतो फाइल शोधणाऱ्याला, रक्त घेणाऱ्याला, पुढची तारीख देणाऱ्याला, फोनवर ‘थांबा, जोडून देते’ म्हणणारीला.

आकडेही हेच दाखवतात. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. आत्महत्येने गेलेल्यांपैकी साधारण ४५ टक्के लोक अखेरच्या महिन्यात नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आलेले होते. मानसिक आरोग्यसेवेशी त्याच महिन्यात संबंध आलेले जेमतेम २० टक्के. म्हणजे पाठदुखी, झोप न लागणं, रक्तदाब, साखर, अशी कारणं घेऊन माणूस दवाखान्याच्या दारात आला होता. फौजी माणसाच्या बाबतीत तर हे आणखी खरं. गुडघा दुखतो, हे सांगायला त्याला संकोच वाटत नाही. जगावंसं वाटत नाही, हे सांगणं त्याच्या शिस्तीत बसत नाही, कारण वर्षानुवर्षं त्याला तक्रार न करता पुढे चालायला शिकवलेलं असतं.

व्हीएच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ साली अमेरिकेत ६,४०७ माजी सैनिक आत्महत्येने गेले, म्हणजे दिवसाला सरासरी १७.६. वय आणि लिंग यांतला फरक हिशेबात धरूनही २०२१ साली माजी सैनिकांमधलं प्रमाण इतर प्रौढांपेक्षा जवळजवळ ७२ टक्क्यांनी जास्त होतं. ‘दिवसाला बावीस’ हा घोषणांमध्ये गाजलेला आकडा २०१२ च्या अहवालातला. तो एकवीस राज्यांच्या माहितीवर बेतलेला होता आणि आता जुना झाला आहे. वयाचं चित्रही दोन बाजूंनी पाहावं लागतं. दर लाखामागचं प्रमाण सर्वाधिक आहे ते १८ ते ३४ या वयात. पण २०१४ साली गेलेल्या माजी सैनिकांपैकी सुमारे ६५ टक्के पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले होते. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इराकहून परतलेला तरुणच असेल, तर व्हिएतनाममध्ये लढलेला, बायको नुकतीच वारलेली, सांधेदुखीने घरात अडकलेला म्हातारा नजरेतून निसटतो.

प्रशिक्षणात नेमकं शिकवतात काय? व्हीएमध्ये सर्वांसाठी जो पायाभूत अभ्यासक्रम आहे त्याचं नाव ‘ऑपरेशन सेव्ह’. ‘सेव्ह’ या शब्दाची चार इंग्रजी अक्षरं म्हणजे चार कामं: खुणा ओळखा, प्रश्न विचारा, त्याचं म्हणणं खरं माना, आणि उपचाराकडे वळवून मदत लवकर पोचवा. ऐकायला हे सोपं वाटतं. अवघड आहे ते दुसरं काम.

आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे समोरच्याला थेट विचारायला शिकलेली माणसंही कचरतात. विचारलं तरी असं विचारतात की उत्तर ‘नाही’च यावं. ‘तसलं काही डोक्यात नाही ना तुमच्या?’ हा प्रश्न दिसायला काळजीचा आहे, पण ऐकणाऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच की विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचं नाही. मग तो मान हलवून ‘नाही’ म्हणतो आणि दोघेही सुटतात. प्रशिक्षणात हे वाक्य मोडून काढतात. ‘तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?’ असं सरळ, शांत आवाजात, डोळ्यांत पाहून विचारायला लावतात. खोली सोडून निघताना दाराशी विचारू नका, कॉम्प्युटरकडे बघत विचारू नका, आणि उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका, हेही सांगतात. उत्तर ‘हो’ आलं तर धक्का चेहऱ्यावर दाखवायचा नाही, उपदेश करायचा नाही, ‘मुलाबाळांचा विचार करा’ म्हणून अपराधाचं ओझं वाढवायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि पुढच्या माणसापर्यंत स्वतः पोचवायचं.

विचारल्याने विचार नसलेल्याच्या मनात तो पेरला जाईल, ही भीती जगभर आहे आणि ती प्रामाणिक आहे. म्हणूनच तिची तपासणी झाली हे महत्त्वाचं. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना आत्महत्येविषयीचे प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही, विचारही वाढले नाहीत. ज्या मुलांना नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना उलट थोडं हलकंच वाटल्याचं दिसलं. त्यानंतरचे अभ्यासही याच बाजूने बोलतात. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासातच ही भीती उघडपणे टेबलावर मांडली नाही, तर पुढचं सगळं वाया जातं. डोक्याने पटलं तरी जीभ वळत नाही.

‘हो’ म्हटल्यानंतरचं काम प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यांचं. व्हीएने २०१८ पासून धोक्याच्या तपासणीची एकसारखी पद्धत आणली. त्यात कोलंबिया विद्यापीठातल्या केली पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली प्रश्नावली वापरतात. विचार आहे का, पद्धत मनात ठरली आहे का, हेतू किती पक्का आहे, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, अशा पायऱ्यांनी ती पुढे जाते. यामुळे नर्सच्या मनातली नुसती अस्वस्थता डॉक्टरला कळेल अशा नोंदीत उतरते. ‘मला काहीतरी बरं वाटत नाहीये यांच्याबद्दल’ या वाक्यावर रात्रपाळीत कुणी फारसं हलत नाही. ठरलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवर हलावं लागतं.

या सगळ्या विद्येत सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असं विचारलं तर बोट ठेवावं लागेल ते एका साध्या कागदावर. मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेली ही सुरक्षा-योजना. पूर्वीची रीत अशी होती की रुग्णाकडून ‘मी जिवाचं बरंवाईट करणार नाही’ असं लिहून घ्यायचं. त्याने रुग्णालयाच्या मनाला आधार मिळायचा, रुग्णाच्या हाती काहीच लागायचं नाही. स्टॅन्ली आणि ब्राउन यांचा कागद रुग्णाबरोबर बसून, त्याच्याच शब्दांत भरायचा असतो. आत्महत्येच्या विचारांची लाट येतेय हे मला कशावरून कळतं? ती आली की मी एकट्याने काय करू शकतो: चालायला जाणं, जुनी गाणी लावणं, कुत्र्याला फिरवणं? कुठे गेलं, कुणाजवळ बसलं की मन दुसरीकडे वळतं? कुणाला खरं सांगता येईल? कोणत्या डॉक्टरला, कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? आणि शेवटी, घरात जीवघेणं असं काय आहे आणि ते काही काळ दूर कसं ठेवायचं?

हा कागद नर्स भरू शकते, समाजसेविका भरू शकते. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. व्हीएच्या नऊ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत त्याची तुलनात्मक चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१८ साली आले. पाच ठिकाणी रुग्णांना सुरक्षा-योजना करून दिली आणि नंतर नेमाने फोन केले. चार ठिकाणी नेहमीचे उपचार दिले. एकूण १,६४० रुग्ण. पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृतींचं प्रमाण पहिल्या गटात ३.०३ टक्के, दुसऱ्यात ५.२९ टक्के. शिवाय पहिल्या गटातले लोक पुढच्या उपचाराला येण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. औषध नाही, यंत्र नाही. एक कागद, एक फोन आणि दोन्ही नीट करायला शिकलेला माणूस. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात इतक्या कमी खर्चात इतका फरक फार क्वचित दिसतो.

कागद नुसता भरून घेतला तर मात्र तो काहीच करत नाही. ‘मुलाला फोन करीन’ असं लिहिलं, आणि मुलाशी तीन वर्षं बोलणं नाही हे भरणाऱ्याने विचारलंच नाही, तर संकटाच्या रात्री तो कागद माणसाला आणखी एकटं करतो. म्हणून प्रशिक्षणात दोघादोघांच्या जोड्या करून तो भरायचा सराव हवा. कोरा नमुना ईमेलने पाठवून ‘उद्यापासून वापरा’ म्हणणाऱ्या संस्थांनी हे लक्षात घ्यायला हवं.

योजनेतला शेवटचा प्रश्न अमेरिकेत सर्वांत नाजूक ठरतो, कारण तिथे माजी सैनिकांच्या आत्महत्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक बंदुकीने होतात आणि बंदूक हा तिथे हक्काचा, अभिमानाचा, कधी कधी ओळखीचाच भाग असतो. कर्मचारी ‘बंदूक काढून टाका’ म्हणाला की संवाद तिथेच संपतो. म्हणून शिकवलं जातं ते असं: शस्त्र सुरक्षित ठेवायचं ज्ञान या माणसाला आपल्यापेक्षा जास्त आहे, तिथूनच बोलणं सुरू करा. सध्या दिवस वाईट आहेत, तोवर ते कुलपात किंवा विश्वासातल्या माणसाकडे ठेवता येईल का, असं त्यालाच विचारा. व्हीए त्यासाठी मोफत कुलपंही वाटतं. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुतेकांच्या बाबतीत लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या वेळात जीवघेणं साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो, हे या सल्ल्यामागचं शास्त्र. इस्रायलच्या लष्कराने २००६ साली सैनिकांनी सुट्टीवर घरी जाताना शस्त्र तळावरच ठेवावं असा नियम केला, तेव्हा सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या.

सगळ्यांत हृद्य कथा जेरोम मोट्टो यांची. दुसऱ्या महायुद्धात हा तरुण युरोपात सैन्यात होता. घरापासून दूर असताना ओळखीच्या एका मुलीची पत्रं त्याला येत राहिली, आणि कुणीतरी आपली आठवण ठेवून आहे ही जाणीव त्याला टिकवून गेली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मानसोपचारतज्ज्ञ झाल्यावर मोट्टोंनी तोच अनुभव तपासून पाहिला. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या ८४३ जणांनी पुढचे उपचार नाकारले होते. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली गेली. काही मागणी नाही, तपासणीची आठवण नाही. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी कळवा, एवढंच. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्यांचं प्रमाण कमी राहिलं. अभ्यासाचे संपूर्ण निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. एका सैनिकाला आलेल्या पत्रांतून जन्मलेली ही रीत आज माजी सैनिकांच्या रुग्णालयांत वापरली जाते. पत्रं कुणी पाठवायची, कोणत्या शब्दांत, उत्तर आलं तर कुणी वाचायचं, हे कर्मचाऱ्यांना शिकवावं लागतं. कारण छापील, कोरडं, ‘प्रिय रुग्ण’ असं पत्र कुणालाच सावरत नाही.

इतकं सगळं असूनही आत्महत्या होत राहिल्या आहेत, आणि या प्रशिक्षणाची बाजू घेणाऱ्यांनी हे टाळू नये. कर्मचारी प्रशिक्षणाने ज्ञान वाढतं, आत्मविश्वास वाढतो, हे अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. उजळणी झाली नाही तर तो परिणाम ओसरतो, हेही दाखवलं आहे. फक्त प्रशिक्षणाने मृत्यू घटतात याचे पुरावे तोकडे आहेत. ‘सेव्ह’ची ऑनलाइन आवृत्ती अर्ध्या तासात पाहून होते. ती पाहिल्याचं प्रमाणपत्र मिळतं. पण रडवेल्या, चिडलेल्या, दारूचा वास येणाऱ्या माणसासमोर तेच वाक्य उच्चारायचं बळ पडद्यापुढे बसून येत नाही.

मृत्यू घटलेले दिसतात ते जिथे प्रशिक्षण मोठ्या रचनेचा एक भाग होतं तिथे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९९६ पासून अकरा कलमी कार्यक्रम हाती घेतला. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतः या विषयावर बोलणं, मदत मागणाऱ्याच्या नोकरीला धक्का न लागणं, चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्यांची विशेष काळजी घेणं, आणि सर्वांचं प्रशिक्षण, असं सगळं त्यात होतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्महत्येचा धोका ३३ टक्क्यांनी घटलेला दिसला. पुढच्या पाहणीत आणखी एक गोष्ट नोंदली गेली: २००४ मध्ये कार्यक्रमाचा अंमल ढिला पडला आणि त्याच वर्षी प्रमाण पुन्हा चढलं. ही नोंद प्रत्येक रुग्णालय प्रशासकाने वाचावी अशी आहे.

प्रशिक्षणाचा आणखी एक भाग आहे, ज्याच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. रुग्ण गेल्यानंतर त्याला पाहणाऱ्या नर्सचं, डॉक्टरचं, कारकुनाचं काय होतं? ‘परवाच तर माझ्याशी हसून बोलले’ हे वाक्य मनात घेऊन ती माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीवर बसतात. त्यांना चौकशीची नोटीस मिळते, सांत्वन मिळत नाही. डेन्व्हरमध्ये व्हीएचं एक संशोधन आणि सल्ला केंद्र आहे. माजी सैनिकांवर उपचार करणारा कुणीही, मग तो व्हीएचा असो वा बाहेरचा, अवघड रुग्णाविषयी तिथल्या तज्ज्ञांशी मोफत बोलू शकतो. एकट्याने काळजी वाहू नका, हे त्यांचं सांगणं आहे. मृत्यूनंतर कर्मचाऱ्यांना आधार कसा द्यायचा, याचंही साहित्य त्यांनी केलं आहे. जो कर्मचारी एका मृत्यूने मोडून पडला, तो पुढच्या माणसाला तो थेट प्रश्न कधीच विचारत नाही. म्हणून त्याला सावरणं हाही प्रतिबंधच आहे.

अमेरिकेतल्या अनुभवाने उघड केलेली सर्वांत मोठी फट व्हीएच्या बाहेर आहे. आत्महत्येने गेलेल्या माजी सैनिकांपैकी नजीकच्या काळात व्हीएच्या दवाखान्यांत उपचार घेतलेले असतात सुमारे ४० टक्केच. बाकीचे कुठे गेले असतील तर गल्लीतल्या डॉक्टरकडे, खासगी रुग्णालयात, किंवा कुठेच नाही. या डॉक्टरांना समोरचा माणूस कधीकाळी सैन्यात होता हेच ठाऊक नसतं. वॉशिंग्टन राज्याने इथे पहिलं पाऊल टाकलं. २०१२ साली त्या राज्याने मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकांना आत्महत्या-प्रतिबंधाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि पुढे ते डॉक्टर-नर्सनाही लागू केलं. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात माजी सैनिकांविषयीचा भाग असलाच पाहिजे, अशी अट त्याने घातली. अमेरिकन परिचर्या अकादमीने तर साऱ्या देशातल्या डॉक्टर-नर्सना एकच प्रश्न विचारायचा आग्रह धरला: तुम्ही कधी सैन्यात होता का?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या केसपेपरवर कुठे आहे?

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात निवृत्त फौजी नाही असं गाव शोधावं लागेल. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांच्या तर नावातच फौज आहे. आपला जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. गावात त्याला ‘मेजर’ म्हणतात, मग तो नाईक म्हणून बाहेर पडलेला असो. बँकेच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहतो, शेती पाहतो, भावकीच्या वाटणीत अडकतो, आणि पंधरा वर्षं सुट्टीपुरती पाहिलेल्या बायकामुलांशी रोजचा संसार नव्याने शिकतो. त्याच्या उपचारांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे, तिची पॉलिक्लिनिकं आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलिमानस या फोनवरच्या मानसिक आरोग्यसेवेचा खास कक्ष सुरू झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ मुळे आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता प्रचंड ताणाखालचा माणूस म्हणून पाहावं लागतं. तरी आपल्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या मनातून ‘पोलीस केस होईल’ ही धास्ती गेलेली नाही. त्यामुळे ‘कुठे विचारायचं आणि गुंतायचं’ म्हणून थेट प्रश्न टाळला जातो.

आता यात आणखी एक गट येतो आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात. बाहेर पडणारे बहुतेक बाविशी-पंचविशीतले असतील. योजनेच्या अटींनुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. हे तरुण खचून जातीलच असं मुळीच नाही; बहुतेक जण शिस्त आणि आत्मविश्वास घेऊन येतील. पण ज्या वयात अमेरिकेतल्या माजी सैनिकांचं आत्महत्येचं प्रमाण सर्वाधिक आहे, त्याच वयात ते गणवेश उतरवतील. आणि आजारी पडले तर जातील प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, गावातल्या डॉक्टरकडे, जिथे त्यांची फौजी ओळख कुठेच नोंदलेली नसेल. अमेरिकेने जी फट फार उशिरा पाहिली, ती आपल्याला वेळेआधी दिसते आहे.

तिथलं सगळं इथे जसंच्या तसं चालणार नाही. बंदुकीच्या कुलपाऐवजी आपल्याकडे बोलावं लागेल ते शेतघरातल्या कीटकनाशकाच्या साठ्याविषयी, त्याची किल्ली कुणाकडे असावी याविषयी. दारूविषयी बोलावं लागेल. सुरक्षा-योजनेत ‘माझ्या पलटणीतला जोडीदार’ हे नाव बायकोच्या नावाच्या आधी येईल, आणि तसं आलं तर ते तसंच लिहून घ्यायचं. आशाताई, एएनएम, औषधनिर्माता, ईसीएचएसच्या खिडकीवरचा कर्मचारी, बहुतेकदा स्वतःच माजी सैनिक असलेला, यांना मराठीत, त्यांच्या बोलीत तो प्रश्न विचारायचा सराव द्यावा लागेल. ‘मेजर, एक स्पष्ट विचारते, रागावू नका. जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे वाक्य कुठल्याही परदेशी अभ्यासक्रमात सापडणार नाही. ते इथल्याच कर्मचाऱ्यांनी घडवायचं आहे.

त्यासाठी फार मोठ्या निधीची वाट पाहायला नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि ईसीएचएस पॉलिक्लिनिक यांनी मिळून वर्षातून दोनदा एक दिवस काढावा. जोड्या करून प्रश्न मोठ्याने विचारायचा सराव करावा, सुरक्षा-योजनेचा मराठी कागद भरून पाहावा, ‘हो’ उत्तर आलं तर त्याच तासाला कुणाला फोन करायचा ते नावानिशी ठरवावं. केसपेपरवर ‘स्वतः किंवा कुटुंबातलं कुणी सैन्यात होतं का’ हा रकाना छापून घ्यावा. ज्यांच्या हाती हे आहे त्या अधिकाऱ्यांनी अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या घरी यायच्या आत हे करावं, एवढी विनंती. आणि हे वाचणाऱ्या कुणाला स्वतःसाठी किंवा घरातल्या फौजीसाठी आजच बोलायची गरज असेल, तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.